बारा मिनिटांच्या जादूसाठी खेळांची निवड : जून ते ऑगस्टच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

सोसायटीच्या गणपतीत ३० ऑगस्टच्या शनिवारी मला बारा मिनिटं दिली आहेत. लहान मुलांच्या नाचानंतर, आरतीच्या आधी. गेल्या दीड वर्षात मी जे काही शिकले ते जेवणाच्या टेबलाभोवती, नाहीतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत चहाच्या वेळी दाखवलं, चार-पाच जणांना. मंडपात दीडशे खुर्च्या असतात, पंखे घरघरत असतात आणि पुढे सतरंजीवर मुलं दाटीवाटीने बसलेली असतात.

आज वहीत मला येणाऱ्या सगळ्या खेळांची यादी केली. तेवीस भरले. त्यातले चार घ्यायचे. कोणते, ते ठरेना, म्हणून या नोंदी. विकत मिळणाऱ्या साधनांची गुपितं इथे लिहिणार नाही, त्यांवर कोणाचं तरी पोट चालतं. पत्त्यांमागचं गणित मात्र लिहीन. ते सगळ्यांचं आहे.

एक गोष्ट आधीपासून खुपते आहे. दोन पानं एकच आहे असं भासवून उचलायची हातचलाखी मी तीन महिने घोटली. जाऊबाईंना दाखवली, तर "छान" म्हणून त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. त्याच दुपारी कॅटच्या तळाचं पान हळूच बघून ठेवलं, त्यांचं पान त्याच्या शेजारी येऊ दिलं आणि शोधून दिलं. याला दहा मिनिटांचाही सराव लागत नाही. तरी त्या ओरडल्याच. तीन महिन्यांची मेहनत माझ्या बोटांत होती आणि ती दिसू नये यासाठीच तर ती केली होती, मग तिची दाद कोण देणार?

८ जून, रविवार

कसोटी ठरवली. खेळ दाखवायचा आणि गप्प बसायचं. दुसऱ्या दिवशी विचारायचं, "काल काय बघितलंत?" बघणाऱ्याला ते एका वाक्यात सांगता आलं तर खेळ यादीत राहणार.

आठवडाभर हेच केलं. एकवीस पानांच्या खेळाबद्दल सासूबाई म्हणाल्या, "तू सारखी पानं मांडत होतीस आणि मी सारखी ओळ दाखवत होते." शेवटी त्यांचंच पान निघालं होतं, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. कानामागून नाणं काढण्याबद्दल भाचा म्हणाला, "ते तुझ्या हातातच होतं ना, मामी?" दोन्ही खोडले.

शेजारच्या काकांना मात्र मनात धरलेलं पान उलटं निघण्याचा खेळ दाखवला होता. त्याचा खास कॅट मिळतो. जो बर्ग या अमेरिकी जादूगाराने १९३६ साली काढलेली ही कल्पना, आणि हातचलाखी जवळपास शून्य. काकांचं वाक्य असं: "मी बदामाची सत्ती मनात धरली आणि तुझ्या कॅटात तेवढं एकच पान उलटं होतं." संध्याकाळी लिफ्टमध्ये काकू भेटल्या. त्या म्हणाल्या, "कॅटला हातसुद्धा लावला नाहीस म्हणे!" हात मीच लावला होता, पानं मीच पसरली होती. सांगता सांगता खेळ मोठा झाला. अशा खेळासमोर आता वहीत चांदणी काढते.

१५ जून, रविवार

एकवीस पानांचा खेळ खोडला खरा, पण तो माझा पहिला खेळ. माझ्या वडिलांनी मला शिकवलेला. त्यामुळे तो टाकवेना. पानं तीन ओळींत मांडायची, समोरच्याने ओळ दाखवायची, ती ओळ मध्ये ठेवून पानं गोळा करायची. असं तीनदा केलं की पान अकराव्या जागी येतं. का येतं हे लहानपणी कधी विचारलं नव्हतं.

या आठवड्यात सत्तावीस पानं घेऊन बसले. नऊ-नऊच्या तीन ओळी. दाखवलेली ओळ वर, मध्ये की खाली ठेवायची हे दर वेळी आपण ठरवलं, तर समोरच्याचं पान पहिल्या जागेपासून सत्ताविसाव्यापर्यंत हव्या त्या जागी नेता येतं. जेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं. भाच्याने १७ आकडा सांगितला. आधी त्यातून एक वजा करायचा, उरले १६. सोळात नऊ एकदा, तीन दोनदा, एक एकदा. आता उलट्या क्रमाने वाचायचं: पहिल्यांदा गोळा करताना त्याच्या ओळीवर एक ओळ ठेवायची, दुसऱ्यांदा दोन, तिसऱ्यांदा एक. मी मोजत पानं टाकली आणि सतरावं पान त्याचंच. त्याने लगेच ५ आकडा दिला. मग २६. रात्री साडेदहापर्यंत आमचं हेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य आलं: "मी जो आकडा सांगेन तिथेच माझं पान येतं." म्हणजे तोच खेळ, तेच तीनदा मांडणं, पण मांडण्याला आता कारण मिळालं आणि आकडा बघणाऱ्याचा झाला. कसोटीला उतरला. मंडपात मात्र चालणार नाही. एक्क्याऐंशी वेळा पान टाकायला बारापैकी तीन मिनिटं जातील आणि तिसऱ्या रांगेपलीकडे पान दिसणार नाही. घरातल्यांसाठी ठेवला.

२२ जून, रविवार

आठवड्याची सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात मोठा आनंद एकाच खेळात मिळाला.

नॉर्मन गिलब्रेथ या अमेरिकी गणितज्ञ-जादूगाराने १९५८ साली जादूगारांच्या मासिकात एक तत्त्व छापलं. कॅट एक लाल, एक काळं असा लावून ठेवायचा. काही पानं एकेक करून टेबलावर मोजून घ्यायची, म्हणजे त्यांचा क्रम उलटा होतो. मग ते दोन गट अंगठ्यांनी फर्रकन एकमेकांत सोडायचे. पानं कशीही मिसळली तरी वरून दोन-दोन घेतली की प्रत्येक जोडीत एक लाल आणि एक काळं. पानं समोरचा पिसतो, म्हणून संशय घ्यायला जागाच नाही.

कॉलेजात आमच्या विभागातल्या मॅडमना कॅट दिला आणि म्हटलं, "पिसा." त्यांनी पिसला, आपण सगळे पिसतो तसा: कॅट आडवा धरून उजव्या हाताने थोडी थोडी पानं वर टाकत. तिसरीच जोडी काळी-काळी निघाली. तत्त्वात काही खोट नव्हती. ज्या देशात ते लिहिलं गेलं तिथे पिसणं म्हणजे पानं अंगठ्यांनी एकमेकांत सोडणं. आमच्या घरी मेंढीकोट खेळून दोन पिढ्या गेल्या, एकानेही तसं पिसलेलं मी पाहिलेलं नाही. शिकवणारा खेळ "अगदी सोपा" म्हणत असेल, तर तो कुणासाठी सोपा, हे आता आधी बघते.

तीन दिवस हेच डोक्यात होतं. गुरुवारी लोकलमध्ये सुचलं. पिसायला सांगायचंच नाही. दोन गट शेजारी ठेवायचे आणि समोरच्याने प्रत्येक वेळी डाव्या किंवा उजव्या गट्ठ्यावरचं पान उचलून मध्ये टाकायचं, मनाला येईल तसं. कागदावर तपासून पाहिलं. सुरुवातीला दोन्ही गट्ठ्यांच्या वरची पानं वेगळ्या रंगाची असतात. त्यातलं काळं उचललं की त्या गट्ठ्यावर लाल येतं आणि दुसऱ्यावर लाल असतंच, म्हणजे दुसरं पान लालच पडणार. जोडी पूर्ण झाली की दोन्हींवर पुन्हा वेगळे रंग. गट लहान-मोठे असले, एक आधी संपला, तरी बिघडत नाही. वरच्या मजल्यावरची आठ वर्षांची मुलगी आली होती, तिला करू दिलं. डावं, डावं, उजवं, डावं, उजवं, उजवं… दहाच्या दहा जोड्या बरोबर. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही.

दोन चांदण्या.

२९ जून, रविवार

पत्ते मंडपात दिसणार नाहीत, हे मान्य करून मोठं काय दिसेल ते शोधते आहे. तीन लहान-मोठ्या दोऱ्या सारख्या होतात, तो खेळ घेतला. एकच खुबी, ती मी इथे लिहीत नाही. सराव दोन संध्याकाळी.

हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची दोरी निसटते आणि दिव्याखाली चमकते. सुती दोरी आणली, तिच्यातला गाभा ओढून काढला, मग ती हातात मऊ पडली. टोकांना पांढरा दोरा गुंडाळला. रात्री यांना पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. पांढरी दोरी फिकट कुर्त्यावर हरवत होती. गडद निळा कुर्ता घातला तेव्हा तिन्ही लांब्या तिथून ओळखू आल्या.

६ जुलै, आषाढी एकादशी

पेले आणि गोळ्यांचा खेळ यादीतून काढला. वाईट वाटलं. लहानपणी एसटी स्टँडबाहेर एक गारुडी जमिनीवर बसून तो करायचा. चारही बाजूंनी माणसं, मागे पडदा नाही, समोर टेबल नाही, आणि तीन छोट्या पेल्यांखाली गोळ्या येत-जात. माझ्या हातांना ते यायला वर्षं लागतील. त्याच्या हाताची आठवण ताजी असताना अर्धाकच्चा करून दाखवणं मला जमणार नाही.

१३ जुलै, रविवार

खिसे! जादूच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेत "कोटाच्या उजव्या खिशात" असतं. सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोट घातलेला पुरुष असतो. माझ्या कुर्त्याला एकच खिसा, तोही मोबाईल अडकेल असा. साडीचा तर प्रश्नच नाही.

शिंपीकाकांकडे गेले. मनगटापर्यंत हात आत जाईल इतके खोल दोन खिसे हवेत आणि खाली न बघता हात आत गेला पाहिजे, एवढंच सांगितलं. त्यांनी खिशाचं तोंड तिरपं कापलं आणि कडेला बकरम घातलं, म्हणजे तोंड उघडंच राहतं. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

१९ जुलै, शनिवार

सतत पाऊस. कागदी पत्ते फुगले आहेत, खास कॅट तर ओल धरून नीट वागतच नाही. पानं डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ऑगस्टअखेरीस हीच हवा असणार. मंडपात, उघड्यावर, या कॅटवर भिस्त ठेवायची का? खूण करून ठेवली.

२७ जुलै, रविवार

लोटा आला. त्यातलं सगळं पाणी ओतून रिकामा करायचा, जरा वेळाने पुन्हा उचलायचा, पुन्हा पाणी. जादूगार पी. सी. सरकार (१९१३–१९७१) "वॉटर ऑफ इंडिया" म्हणून हा खेळ आपल्या कार्यक्रमात मधूनमधून करत असत. मी रोज पिपेट हाताळते, त्यामुळे लोटा हातात घेताच ओळखीचा वाटला. सोपा आहे, मागच्या रांगेपर्यंत दिसतो आणि दोन खेळांमधल्या रिकाम्या क्षणी पोरांना काम देतो.

सोसायटीचे सचिव काका घरी आले होते, त्यांना दाखवला. ते खूश झाले आणि म्हणाले, "हे बाप्पाचं तीर्थ म्हणून कर ना, न संपणारं तीर्थ! लोक हात जोडतील."

त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मी शांतपणे नाही म्हटलं. २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस मला आठवतो. मी बारा वर्षांची होते, वाटी-चमचा घेऊन आजीबरोबर रांगेत उभी होते, गणपती दूध पितो म्हणून. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं, हे नंतर शास्त्रज्ञांनी दाखवलं. मी ते कॉलेजात शिकले, तेव्हा आजी नव्हती. तिला फसवलं कुणी नव्हतं, पण समजावलंही कुणी नव्हतं. आपल्या राज्यात तर २०१३ पासून कायदाच आहे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, त्यावर पैसे मिळवणं हा गुन्हा आहे. सोसायटीच्या कार्यक्रमात कुणी पैसे घेत नाही, पण गणपतीसमोर उभं राहून पाण्याला तीर्थ म्हणायचं आणि दीडशे माणसांना हात जोडायला लावायचे, हे माझ्याच्याने होणार नाही. सुरुवातीलाच सांगणार आहे: यात थोडी हातचलाखी आहे आणि बरंचसं गणित आहे. काकांनी ऐकून घेतलं. जाताना म्हणाले, "पण गणपतीचं काहीतरी असू दे."

ते रास्त आहे.

३ ऑगस्ट, रविवार

काकांच्या त्या वाक्याने मार्ग दाखवला. जोड्यांच्या खेळाला पत्ते कशाला हवेत? लाल-काळ्याऐवजी मोदक आणि जास्वंद. जाड पुठ्ठ्याची वहीच्या पानाएवढी वीस कार्डं कापली, भाच्याने दहा मोदक आणि दहा जास्वंदी रंगवल्या. प्रत्येक ताटात एक मोदक, एक फूल. लेकरू मनाला येईल तसं डावं-उजवं करणार आणि एकही ताट मोदकाशिवाय राहणार नाही.

शिवाय १०८९. तीन आकडी संख्या घ्यायची, पहिल्या आणि शेवटच्या अंकात किमान दोनाचा फरक हवा. ती उलटी लिहून मोठीतून लहान वजा करायची. आलेलं उत्तर उलटं करून त्यात मिळवायचं. ७३२ वजा २३७ म्हणजे ४९५. ४९५ अधिक ५९४ म्हणजे १०८९. कुठूनही निघा, इथेच पोचता. पाच जणांवर करून पाहिलं, दोघांची वजाबाकी चुकली. मोबाईलवर करायला सांगायचं. आणि दोनाच्या फरकाची अट आठवणीने सांगायची. एकाचाच फरक असला तर वजाबाकी ९९ येते आणि बेरीज १९८ वर थांबते.

नुसता १०८९ आकडा सांगण्यात गंमत नाही. उत्सवाची स्मरणिका प्रत्येकाच्या हातात असते. दहावं पान, आठवी ओळ, नववा शब्द. तो शब्द आधीच पाकिटात.

१० ऑगस्ट, रविवार

घरी पूर्ण तालीम. एकोणीस मिनिटं! खास कॅटचा खेळ काढला. त्याला चांदणी मिळालेली, त्यामुळे हात अडखळला. पण त्यात बोलता बोलता मनात छोटा हिशेब करावा लागतो, हवा दमट आहे आणि पान फक्त पहिल्या दोन रांगांना दिसणार. महाप्रसादानंतर काकांच्या घोळक्यात दाखवीन.

उरले: लोटा (मधूनमधून), दोऱ्या, मोदक-जास्वंद, स्मरणिका. साडेअकरा मिनिटं.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडीच्या आवाजात दोऱ्यांची तालीम केली. बोलणं ऐकू न येताही खेळ कळतो का हे बघायला बरा दिवस मिळाला. कळतो.

२४ ऑगस्ट, रविवार

स्मरणिका छापून आली. पान १०, आठव्या ओळीत परिच्छेद संपतो आणि शब्द सहाच आहेत. नववा शब्दच नाही.

अर्धा तास डोकं धरून बसले. मग १०८९ पुन्हा लिहून पाहिलं. दहा म्हणजे पान. उरले आठ आणि नऊ, त्यांची बेरीज सतरा. पानावरचा सतरावा शब्द. तीनदा मोजला: "आजोळ". नववीतल्या एका मुलीच्या लेखातला. आधीच्या योजनेतला नववा शब्द काहीही निघाला असता, एखादं "आणि"सुद्धा. हा मात्र मोठ्याने वाचावासा वाटतो. पाकीट तयार करून चिकटवलं.

३० ऑगस्ट, शनिवार

रात्रीचे साडेअकरा. हात अजून गार आहेत, पण आजच लिहायला हवं.

पाकीट सकाळपासून मंडपाच्या खांबाला सगळ्यांच्या देखत लटकवलं होतं. लोट्यातून तिसऱ्यांदा पाणी पडलं तेव्हा मुलं स्वतःच मोजायला लागली, मला काही सांगावं लागलं नाही. दोऱ्यांच्या वेळी माईक खरखरत होता. दहीहंडीची तालीम कामाला आली.

मोदक-जास्वंदीसाठी वरच्या मजल्यावरची तीच मुलगी पुढे आली. तिने कुठेही "थांब" म्हणायचं होतं, तिने सातव्या कार्डावर म्हटलं. दोन गट शेजारी. डावं, उजवं, उजवं, उजवं. मध्येच तिने वर बघून विचारलं, "काकू, एकदम दोन घेऊ?"

हे तालमीत कधीच झालं नव्हतं. पण मी मनात पडलेली कार्डं मोजत होते. चार पडली होती, सम. जोडी पूर्ण झालेली असताना एकाच गट्ठ्यावरची दोन एकदम घेतली तर ती दोन स्वतःच एक जोडी असते. विषम असताना घेतली असती तर सगळं कोसळलं असतं. "घे की," मी म्हटलं. लोक हसले, कारण त्यांना वाटलं आता हिचं काहीतरी चुकणार. मग दहा पोरं दहा ताटं धरून ओळीत उभी राहिली आणि मी वरून दोन-दोन कार्डं वाटत गेले. पाचव्या ताटापासून सगळा मंडप "मोदक! फूल!" ओरडत होता.

बी विंगमधल्या एका काकूंनी १०८९ काढलं. दहावं पान उघडल्याचा दीडशे स्मरणिकांचा आवाज, मग बोटांनी शब्द मोजताना झालेली शांतता. लेख लिहिणारी मुलगी आईशेजारी बसली होती. पाकिटातून तिचा शब्द निघाला तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तेरा मिनिटं झाली. आरतीला उशीर झाला नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आणायची गडबड, तरी तिघांना विचारलं. वॉचमन काका: "लोट्यातलं पाणी संपतच नव्हतं." सचिव काका: "स्मरणिकेतला शब्द आठवडाभर खांबावर लटकत होता!" (पाकीट शनिवारी सकाळीच लावलं होतं.) सासूबाई: "पोरीने ताटं लावली." म्हणजे दोऱ्या कुणालाच आठवल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यांच्या जागी दुसरं काही बघायचं.

दुपारी ती मुलगी दारात आली. कार्डं परत मागत होती, शाळेत दाखवायची म्हणून. कसं होतं ते मी सांगितलं नाही. वीसही कार्डं मोदक-फूल, मोदक-फूल अशी लावून दिली आणि म्हटलं, "एकदम दोन कधी घ्यायची आणि कधी नाही, ते शोधून काढ. मग ये." ती जिन्यातच बसली.